क वर्गातलं छप्पर

२ ऑक्टोबर
क्योतोहून सकाळची पहिली गाडी, मग दीड तास बस. सोमवार ते शुक्रवार इथे डोंगरात, शनि-रवि घरी. निखिल म्हणाला, "आता आपला संसार व्हॉट्सअ‍ॅपवर." त्याची पोस्टडॉक अजून दीड वर्षं चालणार. तोवर मी नुसती घरी बसणार नव्हते. पुण्यात अकरा वर्षं आर्किटेक्ट, इथे नगरपालिकेची कंत्राटी कर्मचारी. चालायचंच.
काम: तालुक्यातली जुनी घरं, गोठे, गुरांचे फार्म बघायचे, मोजायचे, पत्रक भरून वर्ग द्यायचा. अ म्हणजे जपायचं. ब म्हणजे जमलं तर. क म्हणजे फोटो काढून ठेवा, मग पाडलं तरी हरकत नाही.
साहेब निशिदा-सान. शांत गृहस्थ. नगरपालिकेचं नाव असलेली हिरवी पट्टी दिली, दंडावर बांधायला. इस्त्री केलेली! सूचना एकच: पत्रक पूर्ण होईपर्यंत मालकाजवळ मत द्यायचं नाही. मान डोलावली.

५ ऑक्टो.
रस्ता संपतो तिथे हात्सुए-सानचा फार्म. वय एकोणऐंशी, एकट्या. सहा काळ्या गाई. मांसासाठीची जात, वासरं विकतात. (हे आईला फोनवर सांगितलेलं नाही. "गाई आहेत" एवढंच सांगितलं, तिला आनंद झाला.)
गोठा उंच. दोन्ही बाजूंना गवताचे माळे, मधला भाग छपरापर्यंत उघडा. आत शिरले, मान वर केली आणि तशीच राहिले. एक तुळई, भलीमोठी, वाकलेली. उतारावर बर्फाच्या ओझ्याने वाकलेलं झाड तसंच उचलून बसवलेलं. "अहो, काय सुंदर आहे हे! पाडूबिडू नका हं कधी!" तोंडातून गेलंच. आपण कोणाकडे पोहे खाल्ले तरी एवढं कौतुक करतोच की.
हात्सुए-सान ऐकत होत्या. टोपी काढली, परत घातली. मला इंदो-सान म्हणतात, म्हणजे इंडियाबाई. नाव सांगून बघितलं दोनदा, उपयोग नाही.
पाऊस लागला. मोजमाप पुढच्या खेपेला.

११ ऑक्टो.
घोळ झालाय. आणि तो मीच घातलाय.
हात्सुए-सानचा मुलगा केंजी-सान, कावासाकीला आयटीत. त्याचा ऑफिसात फोन. वर्षभर समजावून त्याने आईला तयार केलं होतं: गाई नोव्हेंबरात विकायच्या, बर्फ पडायच्या आत गोठा पाडायचा, आई कावासाकीला. गोठा उभा आहे तोवर ती डोंगर उतरणार नाही, म्हणून पाडायचा. आता आईने गाईंचा व्यापारी आणि पाडकामवाला दोघांनाही नको म्हणून कळवलंय. कारण? नगरपालिकेच्या बाई पाडू नका म्हणाल्या.
निशिदा-सानना म्हटलं, मी नुसतं कौतुक केलं. ते माझ्या दंडावरच्या पट्टीकडे बघत राहिले. मग "कठीण आहे" म्हणाले आणि स्टेपलरमध्ये पिना भरत बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
अजून एक आशा आहे. अ किंवा ब आला तर माझं बोलणं निदान खरं तरी ठरेल.

१८ ऑक्टो.
सहा तास मोजमाप. जोत्याचे दगड जुने. चार खांब जुने. तुळई जुनी, अप्रतिम. बाकी सगळं नंतरचं. छपराच्या कैच्या (त्रिकोणी सांगाडे) मशीनने कापलेल्या लाकडाच्या, नटबोल्ट लावून जोडलेल्या. नियम असा की निम्म्याहून जास्त सांगाडा मूळचा हवा. तिसरा हिस्साही नाही.
क. पुन्हा आकडेमोड केली. क.
हात्सुए-सान सहाही तास शिडी धरून उभ्या. एक प्रश्न विचारला नाही. दुपारी भाताचे गोळे दिले, आत खारट आलुबुखार. छान होते. या वेळी मोठ्याने म्हटलं नाही.

२७ ऑक्टो.
समितीने क मान्य केला. दोन मिनिटांत.
मी: हात्सुए-सानना मी जाऊन सांगते.
नि-सान: पत्र पोस्टाने जातं.
मी: आधी तोंडाने बोलले मी. आता हेही तोंडानेच सांगायला हवं.
त्यांनी जरा विचार केला. "पट्टी मात्र काढून जा."

८ नोव्हेंबर
गेले. बिनपट्टीची. ओसरीवर जपानी तेंदूफळं (पर्सिमन) सोलत बसल्या होत्या, वाळवायला. मलाही सुरी दिली. चार फळं सोलून झाल्यावर सांगितलं.
"क आला."
"म्हणजे पाडलाच पाहिजे?"
"नाही. पाडला तरी चालेल."
"मग ठेवला तरी चालेल."
मी पाचवं फळ घेतलं. त्यांनी विचारलं, "कुठे कमी पडला?"
"छपरात. ते मूळचं नाही. कोणीतरी नंतर नवीन घातलंय."
सुरी थांबली. "कोणीतरी कुठलं. मी आणि आमचे हे."
मग एवढ्या बोलल्या की मी थक्क. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बर्फाने छप्पर बसलं. चार गाई त्याखाली दबून मेल्या. सुतार मिळेना. वसंतात दोघांनीच करायला घेतलं. नवरा वर तुळईवर, या खालून दोरीने लाकूड ओढणार. केंजी पोटात. सगळे बोल्ट मात्र हात्सुए-साननी वर चढून स्वतः आवळलेले, कारण नवऱ्याचा डावा हात अधू होता.
"घराण्याचा गोठा म्हणून सगळे त्या वाकड्या तुळईचे फोटो काढतात. छपराकडे कोणी बघत नाही. तू वर बघून म्हणालीस ना, सुंदर आहे, पाडू नका म्हणून?"
मी तुळईच बघत होते. छपराकडे माझं लक्षसुद्धा गेलं नव्हतं.
"हो," म्हटलं.
हात पुसून उठल्या आणि माझ्यासमोर मुलाला फोन लावला. "क आला. इंदो-सान म्हणते, छप्पर चांगलं आहे. मी या हिवाळ्यात इथेच." पलीकडचं ऐकूनही न घेता ठेवला.
परतताना पिशवीभर तेंदूफळं दिली. नको म्हणता येईना.

११ नोव्हें.
क्योतो. निखिलला सगळं सांगितलं.
"म्हणजे खोटं बोललीस."
"अर्धं."
"दुसरं अर्धं कुठलं?"
मी पिशवीतलं एक फळ त्याच्यापुढे ठेवलं. त्याने फळ कापलं, अजून तुरट होतं. लाज वाटतेय, हे लिहून ठेवते. पण ती सुरी थांबलेली असताना "नाही" म्हणणं मला तरी जमलं नसतं. कोणाला जमलं असतं, माहीत नाही.

२१ नोव्हें.
दुसऱ्या खोऱ्यात तीन फार्म. एक ब, दोन क. मालकांपुढे तोंड घट्ट बंद. एका आजोबांनी निशिदा-सानना विचारलं, यांना जपानी येत नाही का? नि-सान पहिल्यांदाच हसले.

३० नोव्हें.
केंजी-सानचा फोन. ऑफिसात, थेट मला. भांडेल असं वाटलं होतं. अगदी नम्र आवाज. आईला पुन्हा समजावणार नाही म्हणाला, तिने ठरवलंय. नववर्षाच्या सुट्टीत तोच वर जाणार.
"एकच विचारायचं होतं. जुनं छप्पर बर्फाने बसलं होतं. हे पेलेल ना? आई सकाळ-संध्याकाळ त्याच्याखाली असते."
पत्रक समोर घेतलं. लाकडाची जात आहे. करवतीच्या खुणा आहेत. बोल्टची जाडी आहे. भार किती पेलेल असा रकानाच नाही. मी सहा तास त्या शिडीवर होते आणि जुनं की नवं एवढंच बघत होते. गंज बघितला नाही. पाणी मुरलंय का बघितलं नाही. अकरा वर्षं आर्किटेक्ट!
"बघून सांगते," म्हटलं.
तो "बरं" म्हणाला. मग हळूच, "पण तुम्ही आईला चांगलं आहे म्हणालात ना?"
रविवारपासून मोठं बर्फ, असा अंदाज आहे. पाडकामवाला आता वसंताआधी मिळणार नाही, टेकू लावायला कोणी मिळेल का ते निशिदा-सान विचारताहेत. निखिलला कळवलं, उद्या घरी येत नाही. सकाळच्या पहिल्या बसने वर जाते. टॉर्च, हातोडी, पाना घेतलाय. बोल्ट पन्नासेक वर्षांचे, एकेक बघावा लागेल. शिडी हात्सुए-सानच धरतील. आणि छप्पर ठीक नसलं, तर ते त्यांना तिथेच, शिडीवरून सांगायचंय मला.