न वाचलेल्या पुस्तकाचा शेवट

रवि. ५ जाने.
सोसायटीच्या नव्या वाचनमंडळाची पहिली बैठक. तळमजल्यावरचा हॉल, दहा खुर्च्या, चार माणसं. तिसऱ्या मजल्यावरची सायली (कल्पना तिची, हिंजवडीत नोकरी, रविवारीच दिसते), पेंडसे (निवृत्त, मतं मात्र अजून सेवेत), दुसऱ्या मजल्यावरच्या नंदाताई वानखेडे आणि मी. नंदाताई दारव्ह्याकडच्या. मुलाला पुण्यात नोकरी लागली म्हणून वर्षभरापूर्वी आल्या. मला मॅडम म्हणतात.

सायलीने जाहीर केलं की पुस्तकं काकूच निवडतील, त्या कॉलेजात लायब्ररियन होत्या. मी नको नको म्हटलं. जितकं म्हणायला हवं होतं तितकं नाही.

इथे तरी खरं लिहावं. गेल्या सात वर्षांत मी एकही पुस्तक पुरं केलेलं नाही. कुणी विचारलं तर चष्म्याचं कारण सांगते. चष्मा उत्तम आहे. वीस पानं होतात, मग हात फोनकडे जातो.

मंगळ. ७ जाने.
यादी केली. बारा पुस्तकं. पद्धत नोकरीतलीच: मलपृष्ठ, प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद, कुठे परीक्षण आलं असेल तर ते. एकतीस वर्षं यावर निभावलं. विद्यार्थी विचारायचे, बाई, हे कसं आहे? मी दोन वाक्यं सांगायची, ते घेऊन जायचे.

विनय चहा पिता पिता यादी बघत होता. म्हणाला, "यातली तू वाचलीस किती?" मी म्हटलं, बहुतेक. तो म्हणाला, "छान," आणि पेपर उघडला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली की 'छान'चा अर्थ वेगळा कळवावा लागत नाही.

रवि. १२ जाने.
आज जे केलं ते लिहून ठेवते. लिहिलं नाही तर आठवड्याभरात मी त्याला वेगळा रंग देईन.

यादी वाचून दाखवली. पेंडसे म्हणाले, दर्जेदार. सायली म्हणाली, भारी. मग नंदाताईंनी पिशवीतून एक जुनी कादंबरी काढली. पुठ्ठा निघालेला, पाठीला कापडाची पट्टी. चौदा वर्षांपूर्वी गावच्या शाळेने लायब्ररीतून बाद केली तेव्हा त्यांनी मागून घेतली होती. तीनदा वाचलीय म्हणाल्या. दोन बहिणींची गोष्ट आहे, वर्षानुवर्षं अबोला. "मले वाटलं, पहिल्यांदा हे घ्यावं. सोपं आहे, सगळ्यांले जमेल."

लेखिकेचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, पुस्तक पाहिल्याचंही आठवत नाही. तरी म्हणाले, "वाचलंय मी. रडकं आहे हो. आणि शेवट अगदीच सिनेमातला."

पेंडसे हसले. त्यांना हसवायचंच होतं मला. नंदाताईंनी पुस्तक पिशवीत ठेवलं, वर रुमाल घातला. जाताना चहाचे कप त्यांनीच गोळा केले.

का बोलले? 'मला माहीत नाही' हे तीन शब्द जड झाले, एवढंच कारण. दुसरं शोधून सापडत नाही.

बुध. १५ जाने.
साडेअकराला बेल. दारात नंदाताई. मला वाटलं, जाब विचारणार. तर त्यांनी संक्रांतीचे लाडू आणले होते, काल जमलं नाही म्हणून आज.

बसल्या. पदराशी चाळा. मग म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? माझ्या पुस्तकाची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली. मोठी बहीण पिशवी घेऊन धाकटीच्या दाराशी येते, कडी वाजवते, तिथंच संपते. मले शेवट माहीतच नाही. तुम्ही वाचलं, म्हणून म्हटलं…"

सिनेमातला शेवट असं मी चारचौघांत म्हणाले होते. त्यांना टोचलं नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा शेवट ठाऊक असलेलं माणूस भेटलं, एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. दोघीच होतो. मी लाडवाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "धाकटी दार उघडते. काही बोलत नाही. आत जाऊन पाणी आणते. मग विचारते, जेवलीस का."

इतकं सहज सुचलं की मलाच खरं वाटलं.

त्यांनी विचारलं, "मग मोठी रडते का?"
"नाही."
"बरं झालं," म्हणाल्या. "रडली असती तर जेवण राहून गेलं असतं."

शुक्र. १७ जाने.
जिन्यात भेटल्या, हातात मेथीची जुडी. आपणहून सांगू लागल्या. मोठी बहीण दारव्ह्याला आहे, कमळाबाई. आईच्या शेवटच्या दुखण्यात नंदाताई गेल्या नाहीत, मुलाची बारावी होती. उद्या जाऊ, परवा जाऊ, तोवर आई गेली. कमळाबाईंनी तेराव्याला सगळ्यांदेखत सांगितलं, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. याला अकरा वर्षं झाली.

"आता जाऊन येतो म्हटलं, जी. पुढच्या बुधवारी रात्रीची ट्रॅव्हल्स आहे. मुलानं तिकीट काढलं." आणि खाली बघत, "तुम्ही सांगितलं ना शेवट. तेव्हापासून डोक्यात तेच आहे."

मी म्हणाले, जाऊन या. दुसरं काय म्हणणार होते? पुष्कळ काही म्हणता आलं असतं.

सोम. २० जाने.
जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत गेले. नव्या मुलीने ओळखलं, खुर्ची दिली. कादंबरीचं नाव सांगितलं; म्हटलं, नसेलच बहुधा. तिने संगणकात पाहिलं. एक प्रत आहे, तळघरातल्या रॅकवर.

आणून दिली. आतल्या पानावर दाखल क्रमांक, तारीख, शेरा 'स्थिती उत्तम'. अक्षर माझं. लेबल मीच चिकटवलेलं, शिक्का मीच मारलेला. मागची तारखांची चिठ्ठी कोरी. कुणी नेलं नाही, आणि कुणाच्या हातात द्यावं असं मलाही कधी वाटलं नाही.

मुलगी म्हणाली, "मॅडम, चांगलं आहे का हो हे?"
"वाचून सांगते," म्हणाले. असं उत्तर त्या इमारतीत मी पहिल्यांदा दिलं असेन.

मंगळ. २१
९४ पानं. फोन विनयच्या कपाटात ठेवला. दोनदा उठून मागितला, दोनदा तो म्हणाला, नाही.

रडकं नाही. कुठेच नाही. कोरडं आहे उलट. दोघी बहिणी एकाच विहिरीवर वेगवेगळ्या वेळी पाणी भरायला जातात, एवढ्यावर तीस पानं आणि एक ओळ जास्तीची वाटत नाही.

गुरु. २३ जाने.
संपलं. सकाळी आठला. शेवटची पानं स्वयंपाकघरात उभ्याने वाचली, भाजी लागली.

धाकटी दार उघडत नाही. खिडकीतून बघते, बहीणच आहे हे तिला कळतं, आणि ती आतून दुसरी कडी घालते. मोठी पिशवी उंबऱ्यावर ठेवते आणि परतीच्या वाटेला लागते. बस.

काल का नाही पुरं केलं? काल सायलीने सुट्टी घेतली होती, दुपारी फराळाचं घेऊन आली, दोन तास बोलत बसले मी. नंदाताई काल रात्रीच निघाल्या. एव्हाना पोचल्याही असतील.

फोन केला. त्यांनी उचलला. मागे कोंबडं, कुणाची तरी हाक. "पोचलो जी, आता बहिणीकडंच निघतो," आवाजात हसू. मी म्हणाले, "सांभाळून जा." ठेवला.

पाच-सहा सेकंद होते माझ्याकडे. तेवढ्यात सांगून झालं असतं.

रवि. २६
झेंडावंदन. पेंडशांचं भाषण. बैठक पुढच्या रविवारवर ढकलली. पेंडसे म्हणाले, तुमच्या यादीतलं पहिलं मागवलंय, उत्सुकता आहे. मी मान हलवली. त्या पुस्तकाच्या मलपृष्ठापलीकडे मी गेलेले नाही.

बुध. २९ जाने.
नंदाताई गावी दोन-तीन दिवस राहून परवा आल्या. आज मी खाली गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणाल्या. विचारायच्या आधीच सांगितलं.

कमळाबाई अंगणात होत्या. यांना पाहिलं आणि आत गेल्या. दार उघडंच होतं, पण बाहेर आल्या नाहीत. नातीने पाणी दिलं. नंदाताई ओट्यावर बसून राहिल्या, दुपार झाली, ऊन सरकलं तशा त्याही सरकल्या. मग आतून आवाज आला, नातीला सांगत होत्या: "साडेचारची बस आहे म्हणावं तिले."

"तेवढंच बोलली," नंदाताई म्हणाल्या. "हाकललं की काळजीनं सांगितलं, मले काही समजलं नाही. मी उठलो आणि निघालो." तांदळात बोटं फिरत होती. "माझंच चुकलं असेल काही. त्या पुस्तकातल्या बाईनं दारात काय केलं होतं, मॅडम? आधी हाक मारली का? नेमकं सांगा ना."

आता पळायला जागा नव्हती. मी सांगितलं. पुस्तक वाचलं नव्हतं. रडकं आहे हे खोटं, शेवट खोटा, माझ्या मनचा. आता वाचलंय, गेल्या आठवड्यात. खरा शेवट तसा नाही. पुस्तक बरोबर नेलं होतं, ते त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. पुस्तकाला हात लावला नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही नुसतंच म्हणाल्या."
"हो."
"सगळ्यांसमोर."
"हो."

ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या उठून गॅस बंद करायला आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. मी दार ओढून घेतलं.

रवि. २ फेब्रु.
बैठक. नंदाताई आल्या नाहीत. मी सायलीला आणि पेंडशांना सगळं सांगितलं, बहिणीचं सोडून. ते सांगणं माझं नव्हतं.

पेंडसे म्हणाले, "आणि यादीतली बाकीची?"
"तीही नाही वाचलेली. दोन सोडून."
"दोन कुठली?"
सांगितली. त्यांनी यादी काढली आणि त्या दोनांपुढे खूण केली. सायलीने हळूच विचारलं, मग आता कोण निवडणार? मी म्हटलं, ज्याने जे वाचलंय त्याने ते आणावं. मला वगळा. ती 'काकू, इट्स ओके' म्हणाली. तिची दया अंगावर काट्यासारखी राहिली संध्याकाळभर.

वर येताना नंदाताईंचं दार अर्धं उघडं. खुर्ची खिडकीशी ओढून बसल्या होत्या, मांडीवर कॉलेजची प्रत, बोट शेवटच्या पानांत. मला पाहिलं. चष्मा काढला.

"वाचलं," म्हणाल्या. "हेच बरोबर आहे. असंच होते."

त्यांनी शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"तुम्ही खरं सांगितलं असतं, तर मी गेलो नसतो." मग म्हणाल्या, "आता पुन्हा जायचं का नाही, ते मले एकटीलेच ठरवावं लागते."

हा राग होता की आणखी काही, मला कळलं नाही. विचारायचा हक्कही वाटला नाही. त्यांनी चष्मा परत लावला, पण पान उलटलं नाही. या म्हणाल्या नाहीत. जा असंही म्हणाल्या नाहीत. मी दाराशी चपला घालून तशीच उभी होते.