जमिनीवरचा रेकॉर्ड प्लेअर

३ फेब्रु., मंगळ.
प्रकाशला जाऊन दोन महिने. सकाळी बुद्धवंदना, फोटोपुढे मेणबत्ती. दुपारी त्याच्या गाण्यांच्या खोलीत पहिल्यांदा रेकॉर्ड लावली. सुई उडाली. पुसून पुन्हा लावली, तर दुसऱ्याच जागी उडाली. म्हणजे ओरखडा नाही. जमीन हलते. हेच तो नेहमी म्हणायचा. खाली बेसमेंट पार्किंग आहे.

७, शनि.
अनिकेत गुरुग्रामहून आला. प्लेअरखाली ग्रॅनाइटची लादी, लादीखाली रबरी चेंडू अर्धे कापून. "आई, बाबांना एवढं साधं सुचलं नाही, यार?" संध्याकाळी सुई उडालीच.

८, रवि.
अनिकेतने भिंतीत फळी ठोकली, प्लेअर त्यावर. पूर्ण बाजू वाजली, एकदाही उडाली नाही. दोघंही रडलो. वेगवेगळ्या खोल्यांत.

१४
रोज ऐकते. बरं वाटतं. खोलीचं दार खाली घासतंय, सुताराकडून रंधा मारून घेतला.

१९
दार पुन्हा अडकलं. सोसायटीचे सेक्रेटरी शर्माजी आमच्याच वरच्या मजल्यावर. त्यांना सांगितलं. "भाभीजी, भाईसाहब भी यही कहते थे. बगल के प्लॉट में खुदाई है, थोड़ा तो हिलेगा. वहम मत पालिए." हसले.
मीही प्रकाशला हेच म्हणाले होते. वहम.

२१, शनि.
रेकॉर्ड्स पुसायला काढल्या. प्रत्येक कव्हरात त्याची चिठ्ठी. तारीख, सुई कुठे उडाली. आधी महिन्यातून एकदा. दिवाळीनंतर रोज. शेवटच्या चिठ्ठीवर: "फळी भिंतीवर घेतली तर उडणार नाही. पण मग कळणारही नाही."
दोन आठवडे मी मजेत गाणी ऐकली.

२२, रवि.
प्लेअर खाली घेतला. लादी नाही, रबर नाही. रेकॉर्ड न फिरवता सुई ठेवली, आवाज पूर्ण वाढवला. तो असं करून बसायचा. मला वाटायचं, बटण दाबायला विसरला.
स्पीकरमधून खोल घरघर. आज रविवार, शेजारची मशिनं बंद. तरीही.
शर्माजींना बोलावलं. "आज कौन-सा गाना सुनवा रही हैं?" म्हणत बसले. मग स्पीकरकडे वाकले. मध्येच टक, खाली काही तडकल्यासारखं. थोड्या वेळाने पुन्हा टक.
"रिकॉर्ड तो घूम ही नहीं रहा?"
"नाही," मी म्हणाले. मराठीतच निघालं तोंडातून.
त्यांनी घरी फोन लावला. "बच्चों को लेकर नीचे आ जाओ. नहीं, अभी. चप्पल छोड़ो."

इंजिनिअर संध्याकाळपर्यंत येतो म्हणालाय. सगळी बिल्डिंग पार्कात बसलीय. मी प्रकाशचा फोटो आणि चिठ्ठ्या घेऊन उतरले, प्लेअर बंद करायचा राहिला. बाल्कनीचं दार उघडंच आहे, इथवर ऐकू येतं. शर्माजी दोन टकांमधली सेकंदं मोजताहेत, मी चिठ्ठीच्या मागे लिहून घेतेय.
४०. ३५. ३५. २०.