बिगुलवाल्याची मंजूर जागा

३ फेब्रुवारी १९६९. कॅम्प हॉलरन, नेब्रास्का.

डायरी ख्रिसमसला बायकोने, नॅडीनने दिली. जानेवारी वाया गेला, पण तो थंडीचा महिना, धरायचा नाही. संकल्प: रोज लिहायचं. हाताखालच्यांवर आवाज चढवायचा नाही. मार्चपर्यंत व्हिएतनामला बदली मागायची. माझ्या बॅचचे सगळे कॅप्टन तिकडे आहेत. नॅडीनला अजून बोललो नाही. योग्य वेळ बघून.

तोवर इथलं कामही सन्मानाचंच आहे. आमच्या भागातली पोरं तिकडून पेटीत परत येतात, त्यांना लष्करी इतमामाने पुरायचं. फैरी, झेंड्याची घडी, बिगुल. घडी मी स्वतः मुलाच्या आईच्या हातात देतो. मला ते चांगलं जमतं असं सगळे म्हणतात.

६ फेब्रुवारी.

आज ग्रेन्जर गावाला अंत्यविधी. बिगुल कुचेराने वाजवला. डेल्बर्ट कुचेरा, कागदोपत्री किचनमधला मदतनीस. गावाकडे बापाच्या पोल्का बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. फैरींना लोक दचकतात, झेंड्याला बघत राहतात. रडतात ते कुचेराने शेवटची धून सुरू केल्यावर. सार्जंट मेब्री गाडीत म्हणाला, "हे पोरगं वाजवतं तेव्हा पेटीतल्यालासुद्धा जरा बरं वाटत असेल, साहेब." मेब्रीचा विनोद असाच असतो. कोरियाच्या लढाईतून आणलेला.

११ फेब्रुवारी.

किचनमध्ये एक मदतनीस जास्त आहे म्हणून वरून पत्र आलं. जास्त म्हणजे कुचेरा. जास्त झालेला माणूस व्हिएतनामला जातो.

ताबडतोब कर्नल हॅस्केटकडे गेलो. म्हटलं, कुचेराला बिगुलवाला म्हणून आमच्याकडे घेऊ.

"आपल्याकडे बिगुलवाल्याची जागा मंजूर नाही," कर्नल म्हणाले.

"मंजूर करून घेऊ, सर."

"त्याला गरज दाखवावी लागते. वर्षभरात बिगुलाशिवाय किती अंत्यविधी करावे लागले तुला?"

"एकही नाही, सर. कुचेरा होता ना."

"मग गरज कुठे आहे?"

सलाम ठोकून निघालो. तरी भेट चांगली झाली. कर्नल ऐकून घेतात. कॉफीसुद्धा विचारली.

१२ फेब्रुवारी.

मेब्रीने मार्ग सांगितला. "एका अंत्यविधीला त्याला घसा बसला म्हणून बराकीत ठेवा, साहेब. एक विधी मुका झाला की झाली गरज सिद्ध." मी म्हटलं, माझ्या विभागात खोटेपणा चालणार नाही. मेब्री म्हणाला, बरं.

दुपारी विचार केला. एका दिवसाचा घसा म्हणजे तसा खोटेपणा नाही. कुचेराला बोलावून सांगितलं, पुढच्या खेपेला तू यायचं नाहीस. त्याने विचारलं, "पण मग त्या पोरासाठी कोण वाजवणार, साहेब?" म्हटलं, ते माझ्यावर सोड. बाहेर जाताना थँक यू म्हणाला. पोरगं गुणी आहे. याला मी जाऊ देणार नाही.

१७ फेब्रुवारी.

आजच मुका विधी करणार होतो. सकाळी कळलं, कर्नल स्वतः येणार. मेलेल्या मुलाचा काका राज्याच्या सिनेटमध्ये आहे. ऐन वेळी कुचेराला गाडीत घेतलं.

मी हे त्या आईसाठी केलं. एका आईला मुक्या कबरीपाशी उभं करणं मला जमणार नव्हतं. कर्नल असते काय, नसते काय, मी हेच केलं असतं. कुचेराने सुंदर वाजवलं. कर्नलनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मेब्रीने वाटेत गाडीचा रेडिओ लावला. पुढच्या खेपेला नक्की.

२५ फेब्रुवारी.

आठवडा झाला, कुणी आलेलं नाही. चांगलीच गोष्ट आहे. सकाळी मेब्रीला विचारलं, "काही खबर?" तो म्हणाला, "नाही साहेब, सगळे जिवंत." माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. म्हणजे खोकला आला आणि तो तसा ऐकू आला. मेब्रीने बघितलं मात्र.

१ मार्च.

अजून कुणी नाही. रेडिओवर तिकडच्या लढाईची बातमी लागली की मी आवाज मोठा करतो. नॅडीन म्हणाली, "तू कशाची वाट बघतोयस?" म्हटलं, हवामानाची.

४ मार्च.

कुचेराची ऑर्डर आली. माझ्या हाताबाहेरची गोष्ट. मी काय काय प्रयत्न केले हे ज्याला माहीत आहे तो मला बोल लावणार नाही.

७ मार्च.

कुचेराचा बाप त्याला निरोप द्यायला आला. जाड बोटांचा, कोट घातलेला शेतकरी. माझ्या टेबलावर खसखशीच्या कोलाचींचा, म्हणजे त्यांच्याकडच्या गोड पावांचा, डबा ठेवला. घरच्या, अजून गरम. "पोराने सांगितलं, साहेब, तुम्ही त्याच्यासाठी फार धडपडलात. त्याच्या आईने मुद्दाम केल्यात."

म्हटलं, हे तर माझं कामच आहे.

डबा मेब्रीपुढे सरकवला. तो म्हणाला, "तुमच्यासाठी आहेत, साहेब." चार खाल्ल्या. अन्न टाकून द्यायचं नसतं. रात्री पित्त झालं. खसखस मला सोसत नाही.

बदलीचा अर्ज या गडबडीत राहिला.

१३ मार्च.

कुचेरा गेल्यावर सहा दिवसांनी पेटी आली. मुका विधी झाला. फैरी, झेंडा, आणि मग नुसता वारा. मुलाच्या आजोबांनी मला विचारलं, "संपलं?" म्हटलं, हो. ते म्हणाले, "असं कसं?"

परत आल्याबरोबर बिगुलवाल्याची गरज सिद्ध झाल्याचं कर्नलना कळवलं. कर्नल खूश. म्हणाले, आता कशी भक्कम केस झाली.

९ मे.

जागा मंजूर! दोन महिन्यांत, म्हणजे लष्करात विक्रमच. कर्नलनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. जिद्दीने पाठपुरावा करणारा अधिकारी म्हणाले. जागेवर माणूस नाही, पण तो प्रश्न वेगळा. तोवर मेब्री टेपरेकॉर्डर गाडीत लावतो आणि गाडी झाडाआड उभी करतो. मागच्या खेपेला टेप अडकली आणि धून अर्ध्यावर बसली. लोकांना वाटलं, वाजवणाऱ्याला भरून आलं.

२ जुलै.

कुचेरा जखमी. बापाचा फोन आला होता. जिवंत आहे. मेब्रीला म्हटलं, बघा, मी म्हणत होतो ना काही होणार नाही. मी तसं म्हणालो नव्हतो असं मेब्रीचं म्हणणं.

८ सप्टेंबर.

कुचेरा परत आला. आमच्याकडेच. वरच्या यंत्रणेने बरोबर शोधलं: बिगुलवाल्याची रिकामी जागा इथे, बिगुल वाजवणारा माणूस तिथे. कर्नल म्हणाले, "बघ, आपली व्यवस्था उशिरा का होईना, माणसाला जागेवर आणून सोडते."

स्फोटात त्याचे वरचे पुढचे दात गेलेत. ओठ शिवलाय, डावीकडे ओढल्यासारखा. कॉफी नळीने पितो. शब्द फुटके येतात, दोनदा ऐकावे लागतात.

कर्नलना सांगितलं, सर, त्याला वाजवता येणार नाही.

"डॉक्टरांनी ड्यूटीला फिट ठरवलंय."

"पण बिगुल, सर."

"जागा बिगुलवाल्याची आहे. वाजवण्याची वेगळी जागा नाही. नको असेल तर तसं कळव. मग तो जास्त होईल."

जास्त झाला तर कुठे जाईल हे मला माहीत आहे. त्याला ठेवून घेतला. या वेळी मी त्याला वाचवला. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

१९ सप्टेंबर.

युक्ती माझीच. कुचेरा कबरीपाशी बिगुल ओठाला लावून उभा राहतो, टेप झाडाआड. लांबून काही कळत नाही. आज टेप अडकली नाही. धून संपल्यावरसुद्धा तो बिगुल खाली घेईना. मेब्रीने जाऊन दंडाला हात लावला तेव्हा घेतला.

मग मुलाची आई त्याच्याकडे गेली. त्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाळा, किती छान वाजवलंस रे." तो काहीतरी बोलला. तिला वाटलं, आभार मानतोय. गालावर थोपटून गेली.

गाडीत मेब्रीला विचारलं, काय म्हणाला तो?

"मी नाही वाजवलं, असं म्हणाला, साहेब."

म्हटलं, त्याला सांगा, बायकांशी बोलायची गरज नाही.

२६ सप्टेंबर.

आज दोन होते. दोन्ही सुरळीत.

संध्याकाळी कुचेरा ऑफिसात आला. उभा राहिला. म्हणाला, "मला किचनमध्ये पाठवा, साहेब." पहिल्यांदा कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश. "बटाटे सोलायला तोंड लागत नाही. बाकी काही मागणार नाही."

म्हटलं, किचनमध्ये जागा नाही. आणि ही जागा रिकामी झाली तर कर्नल विचारणार, एवढी मंजूर करून आणली ती कशाला. तो ऐकत राहिला. मग मी म्हटलं, तरी सोमवारी कर्नलशी बोलतो. नक्की बोलतो.

"यस सर," म्हणाला.

वळताना हसला असावा. त्याच्या तोंडावरून आता ते कळत नाही.