चित्राहुतीची शितं आणि गोगलगायी

बुधवार, संध्याकाळ

औषधाची बाटली अजून टेबलावरच आहे. ओतली नाही.

फिशटँकच्या काचेवर आज पुन्हा गोगलगायी! रात्रभर कोबीचं पान आत सोडून सकाळी चाळीसेक काढल्या होत्या, तरी. कसब्यातला दुकानदार म्हणाला होता, "या औषधानं तुमच्या कोळंब्याही मरतील. त्यापेक्षा खाणं कमी घाला. गोगलगायी काय हवेवर वाढतात?" मला रागच आला. मी दिवसातून एकदाच घालते, तेही चिमूटभर.

शेवटी मघाशी बाटलीचं झाकण फिरवलंच. मरू देत कोळंब्या. तेवढ्यात सासरे जेवून उठले. जेवणाआधी ताटाशेजारी घातलेली चित्राहुतीची शितं त्यांनी उचलली आणि सरळ टँकमध्ये सोडली. म्हणजे रोज, दोन्ही वेळा? सासूबाई गेल्यावर गावचं घर बंद करून कोथरूडला आले, तेव्हापासून?

"बाबा, भात?"

"देवाला दिलेलं कचऱ्यात कसं टाकायचं गं? तिकडे कावळे होते." मग काचेवर बोट टेकवून म्हणाले, "बघ, माझं जेवण झालं की या गोगलगायी इथेच जमतात. इथे मला ओळखणाऱ्या एवढ्याच."

झाकण परत लावलं. दुकानदाराचं म्हणणं बाबांना सांगणं मात्र जमलं नाही.