नेट नसतानाचा मजकूर

॥ श्री ॥
जुना जालना
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. गोपिकाआत्या हिस
कल्याणचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. खालच्या कापड दुकानातल्या भागवतशेठनी ते स्वतः जिना चढून आणून दिलं आणि विचारलं, की आता पत्र कोण लिहितं. मी सांगितलं, माझी आत्या, तिला फोनवर ऐकू येत नाही. ते म्हणाले, मंग बरंय, आवाज चढवावा लागत न्हाई.

तू विचारलंस, पुण्याची नोकरी सोडून सहा महिने एका खोलीत बसून मी काय करून राह्यलो. तुझ्या भावालाही घनसावंगीत लोक हेच विचारतात. दादा त्यांना सांगतात, पोरगं अभ्यास करून राह्यलंय. एकतिसाव्या वर्षी.

मी कॉम्प्युटरसाठी एक प्रोग्रॅम लिहितोय. इंटरनेटवर एक मोकळं जाळं आहे. लोक तिथे चार ओळी लिहितात, दुसरे वाचतात, उत्तर देतात. जाळं माझं नाही, कुणा एकाचंच नाही. माझी फक्त खिडकी, जिच्यातून ते दिसतं. बाकीच्या खिडक्या मोबाइलवर असतात, अंगठ्याने वर सरकवत राहायचं, शेवट येत नाही. माझी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडते. जे आधी लिहिलं ते आधी दिसतं. सगळं वाचून झालं की खाली ओळ येते, ‘एवढंच होतं’. मग माणसाने उठावं. नाव ओटा ठेवलंय.

मराठी ओळ कुठे मोडते, जोडाक्षर कुठे फुटतं हे तपासायला मोठा मजकूर लागतो. माझ्याकडे असा मजकूर म्हणजे तुझी पत्रं. तीच टाईप करून वापरतो. ती माझ्या कॉम्प्युटरच्या बाहेर जाणार नाहीत.

लोभ आहेच, म्हणून जास्त मागतो. पुढचं पत्र चार पानी असावं.

तुझा
कल्याण

॥ श्री ॥
वाटूर
२१ जानेवारी २०२५

चि. कल्याण यास
गोपिकाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ओटा म्हटलं की तो रोज झाडावा लागतो, एवढं ध्यानात ठेव. आणि ओट्यावरून लोकांना उठायला सांगणारा तू पहिलाच. आमच्याकडे कुणी उठत नाही म्हणून सैपाकाला उशीर होतो.

तूर निघाली. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. माझा गुडघा आहे तसाच. आकांक्षा नांदेडहून संक्रांतीला माहेरी आल्ती, पोरांना घेऊन. तिने मला कानात घालायचं यंत्र आणलं. त्यातून भांडी फार वाजतात आणि माणसं कमी. फडताळात ठेवलंय.

तुला चार पानं हवीत. तर एक गोष्ट लिहिते, जी मी कुणाला सांगितली नाही.

परवा गावातली एक बाई लग्नाचं आवतन द्यायला आली. चौकटीला कुंकू लावलं, अक्षता दिल्या. जाताना तिने खुणेने विचारलं, समोर पुष्पाबाईकडेही जायचंय, तुम्ही येता का. मग तिला आठवलं आणि ती ओशाळली. अकरा वर्षं माझ्या धाकट्या जावेच्या दारात मी पाय ठेवलेला नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. कारणही ठाऊक आहे. आकांक्षाच्या लग्नाचं आवतन द्यायला मी अक्षता घेऊन गेले आणि पुष्पाबाईने आतून कडी लावून घेतली, हे ते कारण.

कडी नव्हती. मी गेलेच नव्हते.

लग्नाच्या आदल्या महिन्यात शेवया करायला आम्ही बायका जमलो होतो. माझे कान तेव्हा नुकते जायला लागले होते. मी पाठमोरी बसले होते. पुष्पाने माझ्या मागे थाळी वाजवली, हिला कळतं का बघा म्हणून. मला कळलं नाही. समोरच्या बायका हसायला लागल्या तेव्हा मी वळले आणि तिच्या हातात थाळी पाहिली. मीही हसले. पण आवतनाच्या दिवशी तिच्या दारापर्यंत पाय गेले नाहीत. मधल्या मारुतीच्या पारावर बसले, अक्षता चिमण्यांना टाकल्या आणि घरी येऊन यांना सांगितलं, की कडी लावलेली आहे, हाका मारल्या, कुणी उघडलं नाही.

यांनी त्या दिवसापासून भावाशी बोलणं सोडलं. पुष्पाने काय सांगितलं असेल ते सांगितलं, पण कुणाला पटलं नाही. अक्षतांना दार लावणारी, हे तिच्या नावाला चिकटलं. हे वारले तेव्हा तातेराव भाऊजी बाहेर पारावर उभे राहिले. घरात आले नाहीत. त्यांना कुणी या म्हणालं नाही. मीही नाही.

झाली चार पानं. हे तुझ्यापाशी ठेव.

जेवण वेळेवर करत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी
गोपिकाआत्या

॥ श्री ॥
जुना जालना
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. गोपिकाआत्या हिस
कल्याणचा शि. सा. न. वि. वि.

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातल्या दाराविषयी तू मला सांगितलंस, ते माझ्यापाशी राहील.

ओटा शुक्रवारी सुरू झाला. बटण मी सकाळी दाबलं, मग आंघोळ केली, मग पाहिलं. संध्याकाळपर्यंत दोनशे लोकांनी तो घेतला होता. लातूरचा एक बँकेतला माणूस लिहितो, की वाचून संपलं असं दिसल्यावर काय करावं ते सुचेना, म्हणून उठून पाणी प्यायलो. मला याहून मोठं कौतुक नको.

दादांचा फोन आल्ता. विचारलं, अभ्यास झाला का. मी झाला म्हणालो. ते म्हणाले, मंग निकाल कधी. एवढं बोलून ते हसले. दोन वर्षांनी हसले.

वाटूर फाट्यावर शिवकन्यावहिनींचं सेवा केंद्र आहे. त्यांनाही सांगितलंय. पुष्पाबाईंच्या सून असल्या तरी त्या माझ्याशी चांगलं बोलतात. त्या म्हणाल्या, भाऊजींचं ॲप आहे, जल्दी टाकते.

लोभ होता म्हणून इथवर आलो. तो कमी होऊ नये.

तुझा
कल्याण

॥ श्री ॥
जुना जालना
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. गोपिकाआत्या हिस
कल्याणचा शि. सा. न.

जे सांगायचं ते आधी सांगतो. तुझं चार पानी पत्र मी टाईप करून तपासणीसाठी वापरलं होतं. ते काढायचं राहिलं. ते ओट्याबरोबर बाहेर गेलं.

कसं झालं ते लिहितो. हे बचाव म्हणून नाही. तपासणीचा मजकूर प्रोग्रॅममध्ये चार ठिकाणी होता. तीन ठिकाणचा काढला. चौथा, नेट गेल्यावर रिकाम्या पडद्यावर दिसणारा, राहिला. माझ्या खोलीत नेट कधी जात नाही, म्हणून मला तो दिसला नाही. टाईप करताना मी तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचत नव्हतो. ओळ कुठे मोडते तेवढंच पाहत होतो.

वाटूर फाट्यावर नेट जातं. मंगळवारी दुपारी ते गेलं आणि शिवकन्यावहिनींच्या पडद्यावर तुझं पत्र आलं. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. त्यांनी मला फोन करून विचारलं, भाऊजी, हे मोठ्या आत्याबाईंचं आहे का. मी हो म्हणालो. मला खोटं सुचलं नाही.

त्यांनी सासूला अजून सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, आधी मोठ्या आत्याबाईंना कळू द्या. पण त्या असंही म्हणाल्या, की अकरा वर्षं माझी सासू लग्नकार्यात मागच्या रांगेत बसते, आणि हे माहीत असून तिच्यासमोर गप बसणं मला जास्त दिवस जमणार न्हाई. मी त्यांना दोष देत नाही.

मी ओटा त्याच संध्याकाळी बंद केला. लोक विचारतात, का बंद केला. चूक माझी, एवढंच लिहिलंय. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही. पेटीत टाकलेलं पत्र काढता येत नाही, तसंच. ज्यांचं नेट गेलं नाही त्यांना ते दिसलं नसेल. ज्यांचं गेलं ते कोण, मला कळायचा मार्ग नाही.

समोर आलो असतो तर नेहमीसारखं तुझ्या पाटीवर लिहावं लागलं असतं. पाटीवरचं पुसता येतं. म्हणून पत्र लिहिलं.

तू सांगशील ते करीन. तू सांगेपर्यंत ओटा उघडणार नाही. कधीच उघडू नको म्हणालीस तर पुण्याच्या लोकांना फोन करीन, ते मला नोकरीवर परत घेतील.

लोभ मागायचा हक्क आज नाही. तरी मागतो.

कल्याण

॥ श्री ॥
जुना जालना
२ मार्च २०२५

ती. स्व. गोपिकाआत्या हिस
कल्याणचा शि. सा. न.

दोन आठवडे झाले. भागवतशेठ दुपारी जिन्याखालून हाक मारतात तेव्हा मी धावत जातो. ते विजेचं बिल देतात. काल ते म्हणाले, आत्याबाई रुसल्या का. मी नाही म्हणालो.

आई गेल्यावर सात वर्षं मी वाटूरला तुझ्याकडे होतो. तेव्हा चूक झाली की तू बोलायची नाहीस, पण ताट वाढायचीस. मला तेवढंही पुरेल. कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल.

कल्याण

॥ श्री ॥
वाटूर
११ मार्च २०२५

चि. कल्याण यास
आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं त्या दिवशी मी चूल पेटवली आणि तुझी सगळी जुनी पत्रं जवळ घेऊन बसले. जाळली नाहीत. जवळ घेऊन बसले. मग चुलीवर पाणी तापवलं आणि केस धुतले.

राग तुझा आला. चार दिवस आला. हे तुझ्यापाशी ठेव असं मी लिहिलं होतं, आणि तू हो म्हणाला होतास. ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

पाचव्या दिवशी शिवकन्या रस्त्याने चालली होती. पूर्वी ती मान खाली घालून जायची. त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गाडी येईल म्हणून माणूस रस्त्याकडे पाहतो, तसं. तेव्हा मला कळलं, ही वाट बघून राह्यली. तिने सांगायचं की मी, एवढंच उरलं होतं. मला त्यालाही दहा दिवस लागले. पार तिथेच आहे. दोनदा त्याच्यापर्यंत जाऊन परत आले.

परवा गेले. ताटात हळद-कुंकू घेतलं, तांदळाला कुंकू लावून अक्षता केल्या. पारावर बसले नाही. दार उघडं होतं. त्यांचं दार दिवसा लागलेलं मी कधी पाहिलं नाही, तेव्हाही नव्हतं. पुष्पा तुरीची डाळ निवडत बसली होती. चष्मा लागलाय तिला. मला ठाऊक नव्हतं. मी चौकटीला कुंकू लावलं आणि म्हणाले, की आमच्या आकांक्षाचं लग्न आहे, सगळ्यांनी यायचं. मग म्हणाले, की आवतन घेऊन मी तेव्हा आलेच नव्हते, कडीचं मी रचलं होतं. माझा आवाज किती मोठा निघाला मला कळलं नाही. शिवकन्या आतून धावत आली, आणि शेजारच्या दोन बायका त्यांच्या दारात आल्या, म्हणजे मोठाच निघाला असणार. बरं झालं. त्यांनाही ऐकायचं होतंच.

पुष्पा बोलायला लागली. पुष्कळ बोलली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं एवढा वेळ बोलली. हात हलवून, मध्येच पदराने नाक पुसून, मध्येच माझ्याकडे बोट करून. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिला लिहिता येत नाही. शिवकन्या वही-पेन घेऊन आली आणि लिहू का म्हणून खुणेने विचारायला लागली. मी नको म्हणाले. अकरा वर्षांचं बोलणं, ते तिने बोलायचं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.

तातेराव भाऊजी कोपऱ्यात होते. त्यांनी टोपी घातली आणि बाहेर निघून गेले. त्यांचं अजून बाकी आहे. यांचं भावाशी बोलायचं जे राहिलं ते आता कुणाकडून होणार नाही.

मग पुष्पा उठली आणि फळीवरची थाळी काढली. मला वाटलं, आता ही वाजवते. तिने त्याच थाळीत भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि माझ्यापुढे सरकवली. भाजीत मीठ जास्त होतं. तिच्या हाताला ते पहिल्यापासून जास्तच आहे. मी सगळी खाल्ली.

आता तुझं. ओटा उघड. लातूरच्या माणसाला पाणी पिऊ दे. माझी पत्रं त्यातून काढ, सगळीच्या सगळी, आणि काढल्यावर शिवकन्याच्या केंद्रात नेट नसताना उघडून बघ. तुझ्या खोलीत बघून उपयोग नाही. त्यासाठी तुला इथे यावं लागेल. पुण्याला फोन करू नकोस. दादाला मी वेगळं लिहिते.

रिकामी जागा ठेवलीस तर तिथे पुन्हा काहीतरी राहून जाईल. म्हणून त्या जागेसाठी मजकूर सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे. जेवढा दिला तेवढाच घाल.

ताट वाढलेलं आहे. ये.

तुझी
गोपिकाआत्या

(सोबतची चिठ्ठी)

नेट गेलं आहे.
येईल.
तोवर बसा.