चादरीच्या कोपऱ्यावरची हळद

सोलापूर, ३ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप इंद्रायणीताईस,
धाकट्या यज्ञेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. आधी खाली बस. तुझा अद्वैत जिवंत आहे.

स्टेशनजवळच्या पुलाखाली पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर ओतून हुंगणाऱ्या पोरांत तो बसला होता. ज्याला मी अग्नी दिला, त्यानंच मला मामा म्हणून हाक मारली. मी भिऊन मागे सरलो गं. "आई बरी हाय का?" एवढंच त्यानं विचारलं. बोलणंही आता तिथलंच झालंय.

गेल्या माघात होटगीजवळ रुळांवर सापडलेल्या देहाचा चेहरा ओळखू येत नव्हता. नवं कापड देताना कोपऱ्याला तू लावतेस ते हळदीचं बोट मी चादरीवर पाहिलं आणि ओळख पटली म्हणालो. घर सोडताना नेलेली ती चादर अद्वैतनं पुलाखाली शेजारी झोपणाऱ्या शिवयोगीला पांघरली होती. नशा न मिळाल्यानं तो कुडकुडत होता. शिवयोगी गावी गेला असंच अद्वैत समजत होता.

रागाव, पण दूर लोटू नकोस.
तुझा यज्ञेश्वर

अकलूज, ८ डिसेंबर

चि. यज्ञेश्वर, अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, तरी पुन्हा पुन्हा वाचलं. फोटोचा हार काढला.

दहाव्याला कावळा शिवेना, आठवतं? अद्वैत, आईची काळजी करू नकोस, असं आपण विनवत राहिलो. शेवटी दर्भाचा कावळा केला. त्या परक्या लेकराला माझी कसली काळजी असणार! तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कावळा येऊन बसतो. मला त्याची भीती वाटते.

त्या लेकराच्या आईला शोध. आणि माझ्या लेकाला घरी आण. लोक बोलतील ते बोलू देत.

तुझी ताई

सोलापूर, १७ डिसेंबर

ति. ताईस सा. न.

अद्वैतला घेऊन अक्कलकोटपुढं शिवयोगीच्या गावी गेलो. त्याची आई शिवबाई अजून दाराला आतून कडी लावत नाही. अद्वैतनंच तिला सांगितलं. ती रडली नाही, उठून भात शिजवायला लागली. पिंड ठेवल्यावर अद्वैत म्हणाला, "शिवयोगी, तुज्या आईकडं मी बघतो." कावळा लगेच शिवला.

परतल्यावर त्याला अकलूजच्या गाडीत बसवायला नेलं, पण त्याला कापरं भरलं आणि तो हात सोडवून पुलाखाली गेला. व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं तर नुसता हसला. तुझ्याकडून नवी चादर मागितली आहे. म्हणाला, "या टायमाला हळद लावू नको म्हणावं."

चादर पाठव, मी पोचवतो.
यज्ञेश्वर

अकलूज, २१ डिसेंबर

चि. यज्ञेश्वर, आशीर्वाद.

चादर घेऊन मीच येते आहे, अंथरूण तयार ठेव. तो घरी येईपर्यंत त्याचा डबा रोज पुलाखाली मी नेणार.

चादरीच्या चारही कोपऱ्यांना हळद लावली आहे.

तुम्हा दोघांची,
इंद्रायणी