मी कोनफळ झालो त्याची हकीकत

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या गराएचा पलीकडच्या बेटावरून वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल, मी सोडून.

परवा माझ्या पोराचं, आपल्या मोलीचं, लग्न लागलं. मुलाचा बाप म्हणून मुलीकडच्यांना द्यायची कोनफळं मोजायचा मान माझा. तू पोर्ट व्हिलात राहून विसरला असशील (रागावू नकोस), म्हणून सांगतो: आपल्यात माणसं एकेक मोजतात, नारळ जोडीनं आणि कोनफळं चार-चारांच्या चौकडीनं. काठी लावून आकडा ओरडला की वस्तू समोरच्यांची, आणि शेवटची चौकडी अपुरी राहिली की नवरी माघारी. पंचवीस चौकड्या मी ठणकावून मोजल्या. सव्विसाव्या चौकडीत बघतो तर तीनच! विहीणबाई लिविना (ही बाई हसतेसुद्धा मोजून) म्हणाल्या, "काय हो व्याही, चौथ्याला पाय फुटले का?" नवरी चटई गुंडाळायला लागली. मोलीचं तोंड बघवेना रे. मी डोळे मिटले, काठी स्वतःच्याच ढेरीला लावली आणि ओरडलो, "सव्वीस!"

विहीणबाईंनी बोटानं ढेरी दाबून पाहिली. "जून आहे, पण चालेल," म्हणाल्या, आणि मला कोनफळांबरोबर होडीत चढवलं. म्हणजे सून सासरी गेली आणि सासरा सुनेच्या माहेरी आला. पोराचं लग्न टिकलं याचा आनंद आहेच, पण मला कोठीत ठेवलंय. कुजू नये म्हणून इतर कोनफळांसारखं दिवसातून दोनदा कुशीवर वळवतात. कोनफळाला जेवण द्यावं का, यावर दोन दिवस वाद चाललाय. त्यात पुढच्या आठवड्यात लागवड, आणि मोठी कोनफळं चिरून लावतात. विहीणबाई माझ्याकडे बघत सुरीला धार लावतात. चेष्टाच असावी.

तुझा,
गराए

ता. क. एक जाडजूड कोनफळ घेऊन मिळेल त्या बोटीनं ये. ते ठेवून घेतील आणि मला सोडतील.

ता. क. दुसरा: चौथं कोनफळ कुठे गेलं याची घरी चौकशी नको. माल कसा आहे ते बघावं म्हणून आदल्या दिवशी मीच भाजून खाल्लं. चांगलं होतं.

ता. क. तिसरा: आत्ताच विहीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, दादांना लिहा, "कोनफळं घोरत नाहीत हो! बदली काही नको, यालाच न्या, वर दोन चौकड्या आम्ही देतो." सकाळी एकच चौकडी म्हणत होत्या. तेव्हा दादा, तू सावकाश ये.